दर्शनी किंमत दोन युरो

माझ्या अल्बममध्ये एक खाच रिकामी आहे. पान मोनाकोचं, वर्ष २००७. रिकाम्या खाचा आणखीही आहेत, पण त्या आज ना उद्या भरतील. ही भरेल असं वाटत नाही, आणि तरी रविवारी दुपारी अल्बम उघडला की बोट आधी तिथंच जातं.

तिथं बसायचं नाणं ग्रेस केलीचं. हॉलिवूडमधली ही नटी १९५६ साली प्रिन्स रेनिए यांच्याशी लग्न करून मोनाकोच्या राजघराण्यात आली आणि सप्टेंबर १९८२ मध्ये मोटार अपघातात गेली. तिच्या मृत्यूला पंचवीस वर्षं झाली म्हणून मोनाकोने २००७ मध्ये दोन युरोचं स्मृती नाणं काढलं. त्या देशाचं हे पहिलंच दोन युरोचं स्मृती नाणं. एकूण नग २०,००१. वीस हजार आणि वर एक. आहेराच्या पाकिटात आपण वरचा रुपया ठेवतो, त्याची मला आठवण होते.

नाण्यावर लिहिलेली किंमत दोन युरो. व्यापाऱ्यांकडे ते अडीच-तीन हजार युरोंना मिळतं. म्हणजे अडीच लाख रुपयांच्या आसपास.

नाणी गोळा करायला मी ज्यांच्याकडून शिकले ते एसटीत कंडक्टर होते. माझे अप्पा. कऱ्हाड आगारात चौतीस वर्षं. घरी आले की खाकी शर्टाला डिझेलचा आणि हातांना नाण्यांचा वास यायचा. तो वास साबणाने जात नसे. पाळी संपल्यावर वे-बिल आणि रोकड जमा करण्याआधी ते कातडी पिशवीतली चिल्लर एकदा नजरेखालून घालत. एखादं वेगळं नाणं दिसलं की ते बाजूला काढायचे आणि स्वतःच्या खिशातलं तेवढ्याच किमतीचं नाणं पिशवीत टाकायचे. १९६९ चं गांधी शताब्दीचं पिवळं वीस पैशांचं, १९८२ च्या एशियाडचं, १९८५ चं इंदिरा गांधींचं, पुढे १९९९ चं शिवाजी महाराजांचं दोन रुपयांचं. घरी आणल्यावर ते आम्हा भावंडांना सालाखालची खूण शोधायला लावत. बारीक चौकट असेल तर मुंबईची टांकसाळ, चांदणी असेल तर हैदराबादची, काहीच नसेल तर कलकत्त्याची. माझे डोळे लहान असल्यापासून असे नाण्याच्या तळाशी जाऊन बसलेले आहेत.

त्यांचा नियम एकच होता आणि तो त्यांनी कधी बोलून दाखवला नाही. नाण्याला त्याच्यावर लिहिलेल्या किमतीपेक्षा एक पैसा जास्त द्यायचा नाही. कमीही नाही. पिशवीतले पैसे महामंडळाचे. घेतलं तेवढं परत गेलंच पाहिजे.

सुट्ट्यांच्या बाबतीतही तसंच. मोड नसली की ते तिकिटाच्या मागे पेन्सिलीने आकडा लिहून देत. प्रवासी विसरून उतरला तर दारातून हाक मारून बोलावत. कोणाचे किती राहिलेत हे त्यांच्या डोक्यात पक्कं असे.

मी २००९ साली नोकरीसाठी स्टुटगार्टला आले. मुंबई आणि स्टुटगार्ट ही १९६८ पासूनची भगिनी शहरं आहेत, हे इथं आल्यावर कळलं. त्याहून महत्त्वाचं, इथं टांकसाळ आहे हेही कळलं. जर्मनीत पाच टांकसाळी आहेत आणि प्रत्येकीचं एक अक्षर: बर्लिनचं ए, म्युनिकचं डी, स्टुटगार्टचं एफ, कार्ल्सरुहचं जी, हॅम्बुर्गचं जे. पहिल्याच आठवड्यात मी पाकिटातली सगळी नाणी टेबलावर ओतून एफ शोधत बसले होते. परक्या गावात ती माझी पहिली ओळख.

दोन युरोच्या नाण्याची गंमत अशी की त्याची एक बाजू, युरोपच्या नकाशाची, सगळ्या देशांत सारखीच आहे. बेल्जियमच्या लुक लाउक्स यांनी ती रेखाटली. दुसरी बाजू ज्या त्या देशाची. कडेवर देशागणिक वेगळी अक्षरं. जर्मन नाण्याच्या कडेवर ‘ऐक्य, न्याय आणि स्वातंत्र्य’ असं जर्मनमध्ये कोरलेलं असतं. २००४ पासून देशांना या दुसऱ्या बाजूवर एखाद्या प्रसंगाचं चित्र घालायची मुभा मिळाली. आधी वर्षाला एक, २०१२ पासून दोन. शिवाय मधूनमधून सगळ्यांचं मिळून एक. सुरुवात ग्रीसने केली, अथेन्स ऑलिंपिकच्या निमित्ताने, थाळीफेक करणाऱ्या खेळाडूचं चित्र घालून. ती नाणी साडेतीन कोटींच्या आसपास पाडली गेली आणि अजूनही कधीतरी भाजीच्या सुट्ट्यांत येतात. मग जर्मनीने २००६ पासून एकेका राज्याची मालिका काढली. प्रत्येक राज्याची सुमारे तीन कोटी नाणी. ल्यूबेकची वेस, श्वेरिनचा राजवाडा, कोलोनचं कॅथेड्रल, नॉयश्वानस्टाइनचा किल्ला. नवं नाणं निघालं की मी मध्यवर्ती बँकेच्या इथल्या शाखेत जाऊन रांगेत उभी राहते, दोनच युरो देते आणि घेऊन येते. पंचवीस नाण्यांची गुंडाळी पन्नास युरोंना मिळते. ती घरी फोडायची, बघायची, नको ती दुसऱ्या दिवशी दुकानात खर्च करायची. एक पैसा वाया जात नाही. अप्पांचा नियम इथंही चालतो म्हणून मला फार बरं वाटलं होतं.

ऑफिसच्या कँटीनमधल्या यंत्रातून एकदा फिनलंडचं २००४ चं नाणं पडलं. एका खांबातून वर फुटलेले कोंब, युरोपीय संघात नवे देश आले त्याची खूण. ते दहा लाखच पाडलेलं आहे. त्याच्या कडा घासल्या होत्या, एका कोंबावर खोल ओरखडा होता. फिनलंडहून माझ्या कँटीनपर्यंत ते किती गल्ल्यांतून आलं असेल, याचा विचार करत मी जेवण थंड केलं. संग्राहकांच्या बाजारात घासलेल्या नाण्याला फारसा भाव नाही. माझ्या अल्बममध्ये त्याला पहिलं पान आहे.

अडचण सुरू होते ती छोट्या राज्यांपाशी. मोनाको, सान मारिनो, व्हॅटिकन. हे तिघे युरोपीय संघात नाहीत, पण करार करून युरो वापरतात आणि आपली नाणीही काढतात. किती काढायची याला मर्यादा आहे. त्यातून स्मृती नाणी निघतात ती बहुधा हजारांत मोजण्याइतकी, आणि बहुतेक निघतात तीच मुळी पाकिटात किंवा मखमली डबीत, दर्शनी किमतीच्या कितीतरी पट दराने. व्हॅटिकनशी २००९ साली जो नवा करार झाला त्यात किमान ५१ टक्के नाणी दर्शनी किमतीला चलनात आणावीत अशी अटच घालावी लागली. नाणं चलनात आणा, हे करार करून सांगावं लागतं, ही गोष्ट मला कधीच साधी वाटली नाही.

सान मारिनोचं २००४ चं नाणं मात्र मी विकत घेतलं. नियम मोडून. त्यावर बार्तोलोमेओ बोर्गेसी आहेत, जुन्या रोमन नाण्यांचा आयुष्यभर अभ्यास करणारे विद्वान. १८२१ मध्ये ते सान मारिनोत येऊन राहिले आणि १८६० साली तिथंच वारले. नाण्यांच्या अभ्यासकाचंच नाणं! एकूण १,१०,००० नग. इथल्या कार्ल्सप्लाट्झवर शनिवारी जुना बाजार भरतो, तिथं मला ते दिसलं आणि मी सव्वाशे युरो मोजले. घरी येऊन ते खाचेत बसवलं. आनंद झाला, खोटं कशाला बोलू? पण त्या महिन्याच्या फोनवर मी अप्पांना ते सांगितलं नाही.

हा भाव येतो कुठून, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. दुर्मीळ म्हणून महाग, हे उत्तर पुरत नाही. पुण्याच्या जुन्या बाजारात शिवराई आजही दोन-चारशे रुपयांत मिळते. दोन-तीनशे वर्षांपूर्वीचं तांब्याचं नाणं, मराठी मुलखातल्या किती हातांनी झिजवलेलं, आणि त्याची किंमत एका थाळीएवढी. रोमन सम्राटाचं चांदीचं झिजलेलं नाणं, अठराशे वर्षं जुनं, शंभर युरोंच्या आत हाताला लागतं. आणि २००७ साली पाडलेल्या एका तांबं-निकेल-पितळेच्या चकतीला तीन हजार.

कारण शिवराईच्या संग्राहकाला प्रत्येक शिवराई हवीच असते असं नाही. दोन युरोवाल्याला मात्र संपूर्ण मालिका हवी असते. ती आटोक्यातली वाटते. छापील अल्बम मिळतो, त्यात प्रत्येक देशाच्या प्रत्येक वर्षाची खाच आधीच कापलेली. माणूस एकदा भरायला लागला की रिकामी खाच त्याला टोचते. ग्रीसचं नाणं सगळ्यांना पुरतं. ग्रेसच्या नाण्यापाशी युरोपभरचे लाखो अल्बम येऊन अडतात आणि त्या सगळ्यांच्या पुढ्यात नाणी वीस हजार एक. किंमत त्या खाचेची आहे. खाच छापणाऱ्याने ती निर्माण केली, नाणं पाडणाऱ्याने ती रिकामी ठेवली.

आणि तरी हेही पूर्ण खरं नाही. मोनाकोने २०१५ मध्ये तिथल्या कड्यावरच्या पहिल्या किल्ल्याला आठशे वर्षं झाली म्हणून नाणं काढलं, ते फक्त १०,०००. ग्रेसच्या निम्मं. म्हणजे भाव दुप्पट हवा होता. तो ग्रेसच्या नाण्याहून कमीच राहिला आहे. किल्ल्याच्या तटबंदीला चेहरा नाही. ग्रेसला आहे. ज्यांनी आयुष्यात दुसरं एकही नाणं जपलं नाही अशी माणसंही तिच्यासाठी पैसे मोजतात. याबद्दल माझी तक्रार नाही. एखाद्या चेहऱ्याची इतक्या वर्षांनी इतकी आठवण यावी, हे चांगलंच आहे.

२०१६ च्या उन्हाळ्यात मी मोनाकोला गेले होते. नीसहून रेल्वेने अर्ध्या तासाच्या आत पोचता येतं. दिवसभर मी फक्त सुट्टे मिळावेत म्हणून खरेदी केली: कॉफी, पाण्याची बाटली, एकेक करून चार पोस्टकार्डं, लिंबाचं आईस्क्रीम. प्रत्येक वेळी मोड हातात आली की बाजूला होऊन बघायचं. फ्रान्सचं झाड आलं. इटलीचा दान्ते आला, तीनदा. जर्मन गरुड आला, आणि त्याच्याखाली चक्क माझ्या गावाचा एफ. मोनाकोचं एकही नाणं मोनाकोत मिळालं नाही. संध्याकाळी टेकडीवरच्या कॅथेड्रलमध्ये गेले. तिच्या समाधीच्या दगडावर लॅटिनमध्ये नाव आहे, ग्रातिया पात्रिसिया. वर ताजी फुलं होती. एक म्हातारी बाई वाकून एक सुकलेला गुलाब उचलत होती, तिने तो पर्समध्ये ठेवला आणि त्या जागी नवा ठेवला. मी तिथं बराच वेळ उभी होते.

मग २०१९ च्या हिवाळ्यात बर्लिनच्या वर्ल्ड मनी फेअरला गेले. त्या वर्षी हातात बोनस होता आणि मनात ठरवलेलंही होतं. एका व्यापाऱ्याने डबी उघडून माझ्यापुढे ठेवली. प्लॅस्टिकच्या गोल कवचात ती होती, बाजूने दिसणारा चेहरा, भोवती बारा तारे. या नाण्याच्या नकला बाजारात फिरतात म्हणून मी भिंग लावून अक्षरांच्या कडा पाहिल्या. खरं होतं. सुंदर होतं. त्यावर ओरखडा नव्हता, बोटाचा डाग नव्हता. त्या माणसाने मला चांगली वागणूक दिली, घाई केली नाही. तेवढ्यात मला वाटलं, हे बाहेर जाऊन कोपऱ्यावरच्या बेकरीत दिलं तर ब्रेझेल मिळेल. कायद्याने ते नाकारता येणार नाही. आणि तसं आजवर एकदाही झालेलं नाही, पुढेही होणार नाही. मी डबी मिटून परत दिली. न घेतल्याचं समाधान वगैरे काही वाटलं नाही. परतीच्या सहा तासांच्या गाडीत वाईटच वाटत राहिलं. आजही वाटतं.

त्या प्रवासात मला बेल्जियमची गोष्ट आठवत होती. २०१५ मध्ये वॉटर्लूच्या लढाईला दोनशे वर्षं झाली. बेल्जियमने दोन युरोचं नाणं काढायचं ठरवलं आणि फ्रान्सने हरकत घेतली. नेपोलियनच्या पराभवाचं नाणं उद्या पॅरिसमधल्या माणसाच्या तळहातावर पडणार, त्याला ते घ्यावंच लागणार. बेल्जियमने माघार घेतली. तोवर पाडलेली १,८०,००० नाणी नष्ट केली. मग त्यांनी अडीच युरोचं नाणं काढलं, कारण अशा किमतीचं नाणं फक्त आपल्याच देशात चालतं आणि त्याला कुणाची परवानगी लागत नाही. बातमी आली तेव्हा लोक बेल्जियमच्या हुशारीला हसले. मला फ्रान्सची हरकतच मोलाची वाटली. नाणं कुणाच्याही हातात जाऊ शकतं, हे त्यांनी किती मनावर घेतलं होतं! दोनशे वर्षांपूर्वीचं दुःख सुट्ट्या पैशांतून परत येईल अशी भीती वाटायला, नाणं खरोखर फिरतं यावर विश्वास लागतो. मोनाकोच्या नव्या नाण्यांबद्दल अशी भीती कुणाला वाटायचं कारण नाही. २०१५ पासून वर्षाला दहा-पंधरा हजार, आरशासारखी चकाकी दिलेली, डबीबंद. ती नाणी कुणाच्या खिशात जात नाहीत. मला याचा राग येतो. कारागिराने इतकं सुंदर काम करायचं, आणि ते जन्मभर प्लॅस्टिकमधून बघायचं.

भारतातही वेगळं काही चाललेलं नाही. वैष्णोदेवीचं चित्र असलेल्या पाच-दहा रुपयांच्या नाण्याला लाखो रुपये मिळतात, असले निरोप अप्पांच्या गल्लीत सारखे फिरतात. शेजारीपाजारी नाणी घेऊन त्यांच्याकडे येतात. अशा आमिषांना भुलू नका, असं रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये जाहीर सांगितलं. अप्पा प्रत्येकाला चहा देतात, नाणं बघतात आणि सांगतात, “दहा रुपयांचं आहे. दूध आणा.”

ते २०२३ च्या मे महिन्यात पहिल्यांदा इकडे आले. वय त्र्याहत्तर, गुडघे दुखरे, पण डोळ्यांचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, त्यामुळे नजर तरुणासारखी. तिसऱ्या दिवशी मी ऑफिसातून आले तर जेवणाच्या टेबलावर माझी सुट्ट्यांची बरणी ओतलेली. दोन युरोची सगळी नाणी वेगळी काढून पाच ढीग केलेले, ए, डी, एफ, जी, जे, आणि परदेशी नाण्यांचा सहावा. मी त्यांना अक्षरांचं कधी सांगितलं होतं आठवत नाही. फोनवर बोलता बोलता सांगितलं असेल. त्यांनी लक्षात ठेवलं होतं.

जेवण झाल्यावर मी अल्बम आणला. बोर्गेसींच्या पानावर ते थांबले. किती दिले, विचारलं. मी खरं सांगितलं. ते काही बोलले नाहीत, भिंगातून नाणं निरखत राहिले. मग म्हणाले, “माणूस आपल्यातलाच आहे.” मोनाकोच्या पानावरची खाच दिसल्यावर मी तिचीही किंमत सांगितली.

“कुठं कुठं फिरलंय ते?”

“कुठंच नाही, अप्पा. डबीत असतं.”

“वापरायला घाबरतात होय लोक.” त्यांनी हे इतक्या कळवळ्याने म्हटलं, की मला त्या नाण्याचीच दया आली.

मग त्यांनी एफच्या ढिगातून एक नाणं उचललं. २००८ चं, हॅम्बुर्गच्या सेंट मिखाएलिस चर्चचं. त्या साली स्टुटगार्टच्या टांकसाळीत घोटाळा होऊन काही नाण्यांच्या मागच्या बाजूला युरोपचा जुना नकाशा उमटला होता, देशांच्या सीमा वेगळ्या दाखवणारा. मी उत्सुकतेने उलटून पाहिलं. नवाच नकाशा होता. साधं नाणं, तीन कोटींतलं एक, चर्चचा मनोरा घासून गुळगुळीत झालेला.

“हे मला पाहिजे,” अप्पा म्हणाले. “तुझ्या गावचं आहे.”

“घ्या की मग.”

“आज युरो कितीला आहे?”

नव्वदच्या आसपास होता. त्यांनी मनात हिशेब केला, आत जाऊन बंडीच्या खिशातून शंभराच्या दोन नोटा आणल्या आणि टेबलावर ठेवल्या. एकशे ऐंशी झाले, वीस परत दे, म्हणाले. माझ्या घरात भारतीय पैसे नव्हते. मी हसून राहू द्या म्हटलं, तर ते ऐकेनात. नोटा परत घ्यायलाही तयार नव्हते. शेवटी त्यांनी बेकरीच्या बिलाचा कागद घेतला, त्याची पुडी केली, नाणं आत ठेवलं आणि माझ्याकडे पेन्सिल मागितली.

पुडी आता कऱ्हाडला त्यांच्या डब्यात आहे. पाठीमागे लिहिलंय, २० येणे.